डबा बठ्ठा संपला

झुंबरबाई खोटं बोलत नसे. म्हणजे भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी, बहिणीच्या सुनेशी बोलत असेल, ते कोण मोजतंय? पण देवाशी आणि लेकरांशी कधी नाही. लेकरांच्या आयांना मात्र ती रोज दुपारी दीड वाजता आणि संध्याकाळी सव्वापाचला, न चुकता, डायरीत खोटं लिहून देत असे. आणि गंमत अशी की त्याला ती खोटं म्हणतच नव्हती. तिच्या लेखी ती दया होती.

जळगावात रिंग रोडच्या मागे किरणताईंचं पाळणाघर आहे. चौदा लेकरं. किरणताई फी, फोन आणि आयांच्या तक्रारी सांभाळतात. उरलेलं सगळं, म्हणजे खरं पाळणाघर, झुंबरबाई सांभाळते. प्रत्येक लेकराची एक डायरी. झोप किती, शी-शू किती, जेवण किती. झुंबरबाईचं माहेर सोनगीर, शाळा सातवीपर्यंत, पण अक्षर टपोरं. जेवणाच्या जागी ती लिहायची, ‘डबा बठ्ठा संपला.’ बठ्ठा म्हणजे तिच्या अहिराणीत सगळा. किरणताईंनी एकदा सुचवून पाहिलं, “मावशी, ‘संपूर्ण’ लिहा ना. शहरातली माणसं आहेत.” झुंबरबाई म्हणाली, “संपूर्ण पोथी व्हस ताई. डबा बठ्ठाच संपस.” विषय मिटला.

आता डबा काही रोज बठ्ठा संपत नव्हता. दीड-दोन वर्षांची पोरं ती! एक दिवस तीन पोळ्या, दुसऱ्या दिवशी तीन घास. पण काही वर्षांपूर्वी ‘अर्धा डबा उरला’ असं वाचून एका आईनं पाळणाघराच्या पायरीवरच पोराच्या गालफडात दिली होती. दुसरी एक, शिकलीसवरलेली, स्कुटीवर बसून हेल्मेटच्या आत रडत राहिली होती. झुंबरबाईनं त्या दिवशी ठरवून टाकलं. दिवसभर हापिसात पिळून निघालेल्या बाईची संध्याकाळ अर्ध्या पोळीपायी नासायची नाही. उरलेलं कोपऱ्यावरच्या गाईला, डबा घासून पुसून लख्ख, आणि डायरीत दोन गोड शब्द. रात्री आठ वाजता आईच्या मांडीवर बसून लेकरू चार घास जास्त खाईल, झालं की! हा तिचा हिशोब तेरा लेकरांच्या बाबतीत अगदी बरोबर होता.

चौदावा अर्पित.

अर्पित घेवरचंदजींचा नातू. बाजारात त्यांचं भांड्यांचं जुनं दुकान आहे, बाप जिनेश तिथंच बसतो. आई हिना एका खाजगी बँकेत. घरात आजी होती, धनकुंवरबाई, पण त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. अडीच वर्षांच्या पोरामागे धावणं त्यांना जमणार नव्हतं. म्हणून पाळणाघर. त्या मारवाडी जैन घरातून लेकरू बाहेर ठेवायला निघणारी हिना पहिलीच सून. सासूनं परवानगी दिली, पण एक अट घालून. “पोरगा नीट जेवला पाहिजे. वाळला, तर नोकरी बंद.” हे हिनानं पहिल्याच दिवशी झुंबरबाईला हसत हसत सांगितलं होतं, पण तिचे डोळे हसत नव्हते. झुंबरबाईनं ते पाहिलं. आणि त्या घरासाठी तिची दया दुप्पट झाली.

हिना रोज दोन डबे द्यायची, एक दुपारचा, एक पाच वाजताचा. अर्पित दोन-तीन घास घ्यायचा आणि ओठ घट्ट मिटून मान फिरवायचा. चिमणीचा घास झाला, काऊचा झाला, “खाय ना रे मना राजा,” म्हणून झालं; नाही म्हणजे नाही. डायरीत बठ्ठा. रोज संध्याकाळी हिना ते वाचायची तेव्हा तिचे खांदे खाली यायचे, आणि झुंबरबाईला पुण्य केल्यासारखं वाटायचं.

गणपतीत आला तेव्हा पोरगं लोण्याचा गोळा होतं. दिवाळीनंतर त्याची चड्डी कमरेवर ठरेना. झुंबरबाईनं दोनदा इलॅस्टिक आवळून दिलं आणि स्वतःची समजूत घातली की चालती-पळती पोरं झडतातच. दिवस लहान होत गेले तसा अर्पितही लहान होत गेला.

पौषातल्या एका शुक्रवारी सहाला पाच कमी असताना हिना आली ती हातात फाइल घेऊन.

“मावशी, सोमवारी सुट्टी आमची. अर्पितला नाशिकला नेतोय.”

“लग्न शे का कोनाचं?”

“नाही हो. मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय. चार महिन्यांत दोन किलो उतरलाय. रक्त तपासलं, जंत तपासले, छातीचा फोटो काढला. काही सापडत नाही.” बोलता बोलता तिनं अर्पितच्या दंडावरची कापसाची पट्टी दाखवली. सकाळी रक्त घेतलेलं, तिसऱ्यांदा. “इथले डॉक्टर म्हणाले, एवढं खाऊन अंगाला लागत नाही, म्हणजे आतड्यातच दोष आहे. आता भूल देऊन तोंडातून दुर्बीण घालणार आहेत पोटात.”

“एवढ्याशा पोटात?” झुंबरबाईच्या तोंडून निघालं.

“काय करणार? मी तुमच्या डायरीचे फोटो दाखवले त्यांना. म्हणाले, नोंद ठेवावी तर अशी.” हिना कशीबशी हसली. “तुमच्यामुळे निदान एवढं तरी नक्की कळलं मावशी, की खाण्यात कमी नाही. नाही तर घरात सगळे माझ्यावरच आले असते.”

माय वं! अर्पितनं हात हलवून टाटा केला, गाडी सुरू झाली, आणि झुंबरबाई फाटकाशी उभीच राहिली.

किरणताईंना तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, “मावशी, हे बाहेर गेलं तर चौदाच्या चौदा डायऱ्या खोट्या ठरतील. उद्या एक लेकरू येणार नाही इथं.”

“खोट्याच शेत ना त्या,” झुंबरबाई म्हणाली.

“मी विचार करते. रविवारी फोन करते त्यांना, जरा घोळवून सांगते.”

“ताई, त्या लेकराला भूल देणारेत. माझ्या शब्दावर.” तिनं पदर खोचला. “घोळवून घोळवूनच इथपर्यंत आलं हे.” आणि कोपऱ्यावरून रिक्षा केली. भाडं किती, हेही तिनं विचारलं नाही, यावरून काय ते समजा.

पोचली तेव्हा साडेसहा झाले होते. घेवरचंदजी आणि जिनेश दुकानातच होते. धनकुंवरबाई दिवाणखान्यात पाय लांब करून बसलेल्या, आणि अर्पित त्यांच्या मांडीवर, ओढणीचं टोक चोखत. हिना दारात आली ती घाबरूनच. “मावशी? काय झालं?”

“काही नाही, काही नाही,” झुंबरबाई म्हणाली आणि सोफा सोडून खाली बसली. बोलायचं कुठून? वाटभर जुळवलेलं सगळं विसरली होती. समोर स्वयंपाकघर दिसत होतं. ओटा कोरडा, पुसलेला. गॅसवर एक भांडं नाही. ताटं मांडणीवर उभी. तिला वाटलं, ह्यांचा स्वयंपाक अजून व्हायचाय. आपलं काही तरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, “रात्री काय जेवतो अर्पित?”

“रात्री?” हिना म्हणाली. “रात्री कुठं? पाच वाजता जेवतो ना तुमच्याकडे. तेच त्याचं रात्रीचं जेवण.”

“आन् मग घरी?”

“घरी झोपताना कपभर दूध.” धनकुंवरबाईंनी उत्तर दिलं. “आमच्याकडे सूर्य मावळला की चूल बंद, बाई. बेचाळीस वर्षं झाली मला ह्या घरात. लहान लेकराला तो नियम नसतो, त्याला हवं तर देता येतं. पण डायरीत असतं ना, दोन्ही डबे संपले. भरल्या पोटाला आणखी कशाला कोंबायचं?”

झुंबरबाईनं आठ वाजताची जी थाळी मनात धरली होती, आईच्या मांडीवरचे जे चार घास, ते ह्या घरात नव्हतेच. इथं तिच्या अक्षरावर भरवसा ठेवून गॅस बंद होत होता, आणि तिथं ती ह्या घराच्या रात्रीच्या जेवणावर भरवसा ठेवून डबा गाईपुढे रिकामा करत होती. पोरगं दोन्हीच्या मधे. कपभर दुधावर.

“बाईजी,” ती म्हणाली, आणि तिला हुंदकाच आला, “तो नाही जेवत हो. चार महिने झाले. दोन घास, फार तर तीन. मी लिहिते ते सगळं खोटं शे. डबा मी रिकामा करते.”

मग झुंबरबाईनं सगळं सांगितलं, पायरीवरची थप्पड, स्कुटीवरची बाई, गाय, सगळं. स्वतःला वाचवायला एक शब्द घातला नाही. “दुर्बीण घालू नका त्याच्या पोटात. पोटात काही दोष नाही. पोटात काही नाहीच शे.”

हिना भिंतीला टेकून उभी होती. “मी पाचला उठते मावशी,” ती हळू म्हणाली. “थंडीत पाचला. त्याचं वेगळं करते, बदाम घालते, पौष्टिक पीठ घालते. तुम्ही ते गाईला घालत होता? आणि मी रोज मम्मीजींना वाचून दाखवत होते. मोठ्यानं!”

“हो ताई.”

“का?”

“तुमची दया यायची.”

“माझी दया केलीत?” हिनाचा आवाज चढला. “माझ्या पोराच्या पोटातून काढून माझी दया केलीत?”

झुंबरबाई मान खाली घालून बसली. एखादीनं हाताला धरून बाहेर काढलं असतं तर बरं, असं तिला झालं होतं.

धनकुंवरबाई इतका वेळ नातवाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. पाठीची हाडं हाताला लागत होती. आता त्यांनी त्याचं तोंड वर केलं. “अर्पू, भूक लागलीय?”

अर्पितनं ओढणी तोंडातून काढली आणि मान हलवली. हो.

“अरिहंत, अरिहंत,” म्हातारी पुटपुटली. मग झुंबरबाईकडे वळली. झुंबरबाईला वाटलं, आता तोफ सुटणार. पण धनकुंवरबाई म्हणाल्या, “आम्ही तरी कधी सांगितलं तुम्हाला, आमची चूल कधी बंद होते ते? आम्हाला वाटलं, साऱ्या जगाला ठाऊक आहे.” टेबलाचा कोपरा धरून त्या उठल्या. गुडघा कटकन वाजला.

“मम्मीजी, काय पाहिजे? मी देते.”

“तू राहू दे.”

एक एक पाऊल टाकत त्या ओट्याशी गेल्या, आणि त्यांनी गॅस पेटवला. बाहेर पूर्ण काळोख झाला होता. सासूबाईंच्या हातून दिवस मावळल्यावर काडी ओढली गेलेली हिनानं लग्न झाल्यापासून पाहिली नव्हती.

“नियम माझा आहे,” धनकुंवरबाई कणीक मळताना म्हणाल्या, कुणाकडेच न बघता. “ह्या लेकराला कुणी दिला? उद्या जैन स्थानकात जाऊन साध्वी महासतीजींकडून प्रायश्चित्त घेईन. ते मला झेपेल. हे नाही झेपणार.”

गरम फुलका, वर तूप, गूळ चुरून. पहिला फुलका अर्पितनं खाल्ला तो असा, की मधे श्वास घेतला की नाही कोण जाणे. दुसरा खाल्ला. तिसऱ्यातला अर्धा खाल्ला आणि आजीच्या ओढणीला तूप पुसलं. झुंबरबाई खाली बसून बघत होती आणि डोळे पुसत होती. हिनानं भिंतीकडे तोंड केलं होतं.

निघताना कुणी तिला थांब म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. ती आपली निघाली.

शनिवारी सकाळी पाळणाघरात आल्या आल्या तिनं पिशवी भरून ठेवली. कपाटातली तिची जुनी साडी, चहाचा कप, गुडघ्याचं तेल. कामावरून काढलं तर आवरताना रडत बसायला नको. किरणताई कालपासून तिच्याशी धड बोलल्या नव्हत्या. पण साडेनऊला हिनाची गाडी फाटकाशी थांबली, आणि अर्पित उतरला.

“मी अजून रागावलेली आहे,” हिना म्हणाली.

“राहा ना ताई रागावून. डबा आणला का?”

“आणलाय.” तिनं डबे पुढे केले. “नाशिकचं रद्द केलं. डॉक्टरांना खरं सांगितलं, ते मलाच ओरडले. आता महिनाभर घरी दोन्ही वेळा खायला घालून वजन बघायचं. वाढलं तर नोकरी, नाही वाढलं तर मी घरी. मम्मीजींनी सांगून टाकलंय.” मग ती म्हणाली, “आणि उरेल ते टाकू नका. धुऊही नका. जसं असेल तसं परत द्या. मला बघायचंय.”

झुंबरबाईनं पिशवी परत कपाटात ठेवली.

त्या दिवशी डायरीत लिहायला तिला अर्धा तास लागला. दहा वर्षांची सवय, पेन आपोआप ‘बठ्ठा’कडे वळायचं. शेवटी तिनं लिहिलं, ‘दोन घास खाल्ले. मग नाही म्हणाला. शेजारच्या पोरीची पोळी मागत होता, कांद्याची होती म्हणून दिली नाही. केळं दिलं, ते खाल्लं. दुपारी आईची आठवण काढली.’ लिहून झाल्यावर तिला भीती वाटली, आणि हलकंही वाटलं.

शनिवार म्हणून हिना साडेचारलाच आली. डायरी वाचली. तिच्या कपाळावर आठी आली, पण डोळ्यांत पाणी नाही आलं. ती पायरीवर बसली, मांडीवर डबा उघडला. थेपले जवळजवळ तसेच होते. तिनं एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

चावता चावता ती थांबली.

“मावशी,” ती म्हणाली, “हे कडू आहे.”

“कडू?”

“जहर कडू आहे.” तिनं दुसरा डबा उघडला, खिचडीचं शीत जिभेवर ठेवलं, आणि तोंड वेडंवाकडं केलं. “हीसुद्धा! ते पीठ... पौष्टिक पीठ. मोबाइलवर बघून केलं होतं. त्यात मेथीदाणे आहेत. ताकद येते म्हणून.” तिचा आवाज बारीक झाला. “आणि तो वाळायला लागला, तसं मी एकाचे दोन चमचे केले. आता तीन घालते. सगळ्यात घालते.”

“ताई, तुम्ही कधी चाखलं नाही?”

“कशी चाखणार? पाचला करते ना मी. मला नवकारशी असते, सूर्य उगवून दोन घटका होईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही मी. तोवर डबा भरूनही होतो. आणि संध्याकाळी डबा रिकामा, धुतलेला. मला वाटायचं, आवडतंय त्याला. तुम्ही? तुम्ही नाही कधी खाऊन बघितलं?”

“लेकराच्या घासाला परक्या बाईनं तोंड लावू नये, असं माय सांगायची,” झुंबरबाई म्हणाली आणि तिनंही एक तुकडा मोडला. तोंडात घातला. आई गं! चार महिने आपण राजा म्हणून, वाघ म्हणून हे त्याच्या तोंडात सारत होतो!

“बिचारं,” हिना म्हणाली. घास तिच्या तोंडातच होता. गिळवत नव्हता आणि थुंकवतही नव्हता. “बिचारं माझं! सांगणार कुणाला?”

अर्पित आतून पळत आला. आईला बघून थबकला, तिच्या मांडीवरचा उघडा डबा बघितला, तिचा फुगलेला गाल बघितला. मग जवळ येऊन त्यानं आपला इवलासा तळवा तिच्या हनुवटीखाली धरला, झुंबरबाई रोज दुपारी त्याच्या तोंडाखाली धरायची तसाच.

“थू कर, मम्मा,” तो म्हणाला. “थू कर. कुणी रागावत नाही.”

हिनानं तो घास त्याच्या हातावर काढून ठेवला, आणि मग मात्र तिला रडू आवरेना. अर्पितनं तो कुठं ठेवायचा म्हणून झुंबरबाईकडे बघितलं. झुंबरबाईनं पदर पसरला आणि तिलाही दिसेनासं झालं. किरणताई दारात येऊन उभ्या राहिल्या.